थोरल्या मुलीचा रहिवासी दाखला

मुलाखतीचं पत्र शनिवारी हातात पडलं आणि मुलाखत होती नऊ दिवसांनी, सोमवारी, पणजीला. शनिवार-रविवार कचेऱ्या बंद. म्हणजे कागद गोळा करायला माझ्याकडे पाच दिवस होते. पत्राच्या मागच्या बाजूला यादी होती: बारावीचं प्रमाणपत्र, डी.एड., रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड, कोकणी येत असल्याचं स्वतःचं निवेदन, आणि गोव्यात सलग पंधरा वर्षं राहत असल्याचा मामलेदारांचा दाखला. खाली ठळक ओळ होती. यातल्या एकाही कागदाची मूळ प्रत नसेल तर उमेदवाराला आत घेतलं जाणार नाही.

गोवा घटकराज्य झाल्यानंतरची ही पहिलीच काही वर्षं. मी एकवीस वर्षं पूर्ण करून वर काही महिन्यांची होते आणि डिचोली तालुक्यातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत सव्वा वर्ष तात्पुरती शिक्षिका होते. सर्वणचा रस्ता जिथे संपतो तिथून पाऊण तास चालत गेलं की एक वाडा, म्हणजे छोटी वस्ती, लागतो. तिथे एक खोली, चार इयत्ता, बावीस मुलं आणि मी. माझ्या आधीच्या दोन शिक्षकांनी सहा-सहा महिन्यांत बदली करून घेतली होती. तिथे जायला कुणी तयार नव्हतं म्हणूनच मला तात्पुरती ऑर्डर मिळाली होती, आणि ती दर काही महिन्यांनी पुन्हा निघायची. आता त्या जागा कायमच्या भरायच्या ठरल्या. माझं नाव लागलं तर शाळा माझ्याकडे राहणार होती. नाही लागलं तर दुसरं कुणीतरी येणार आणि मी पेडण्याला घरी.

मला तेव्हा नोकरीची गरज होती हे खरंच, पण त्याहून मोठी चिंता पहिलीची होती. आठ मुलं, पाच घरी कोकणी बोलणारी आणि तीन सिंधुदुर्गातून खाणीवर आलेल्या ट्रकवाल्यांची, ती मालवणी बोलणारी. आणि पुस्तक मराठी. नुकती कुठे ती वाचायला लागली होती. अशा वेळी माणूस बदलला की पहिली पुन्हा पहिल्या पानावर येते. हे ज्यांनी एकदा केलं आहे त्यांना सांगावं लागत नाही, आणि ज्यांनी केलं नाही तेच नेमणुका करतात.

सोमवारी मी पेडण्याच्या मामलेदार कचेरीत गेले. खिडकीच्या गजांपलीकडे एक कारकून बसला होता. चाळिशीचा, नीटनेटका, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्याने माझा शाळा सोडल्याचा दाखला घेतला, वाचला आणि विचारलं,

"जल्म खंय?"

कागदावर लिहिलं होतं, तरी विचारलं.

"आजोळी. नदीपलीकडे."

"म्हणजे महाराष्ट्रात."

"आजोळी," मी पुन्हा म्हटलं. "आईचं पहिलं बाळंतपण. पहिलं माहेरीच करतात ना? तुमच्याकडे सासरी करतात?"

"आमच्यागेर कितें करतात तें सोड गो बाय. कागद कितें म्हणटा तें पळोवया."

"तुमचा जन्म कुठला?"

"हांगाचो. हांव तिसरो."

मागे टाइप करणारी बाई फस्सकन हसली. मी म्हटलं, "आणि थोरला भाऊ?"

"तो पलतडी जाल्लो," तो शांतपणे म्हणाला; पलतडी म्हणजे नदीपलीकडे. "पूण तो दाखलो मागपाक येवंक ना."

पेडण्यातल्या निम्म्या घरांतल्या सुना नदीपलीकडच्या आहेत. तेरेखोलच्या दोन्ही काठांवर आडनावं तीच, देव तेच, आंब्याच्या लोणच्याची फोडणीसुद्धा तीच. पहिल्या खेपेला सून सातव्या महिन्यात माहेरी जाते आणि मूल सव्वा महिन्याचं झालं की परत येते. म्हणून पेडण्यात अर्ध्या घरांतली थोरली मुलं महाराष्ट्रात जन्मलेली आणि धाकटी गोव्यात. मी ज्या घरात वाढले, त्याच घरात माझा धाकटा भाऊ जन्मला. तो दहावीला दोनदा बसला, तुयेच्या वसाहतीतल्या एका कारखान्यात लागला, आणि त्याला हाच दाखला एका फेरीत मिळाला होता. मी पहिल्या बाकावर बसून डी.एड. केलं आणि गजांबाहेर उभी होते.

जन्माचं तरी एकवेळ जाऊ दे. कारकुनाने आता कॅलेंडरच्या मागच्या पानावर पेन्सिलीने माझी वर्षं मांडायला घेतली. पहिली ते दहावी गावात, अकरावी-बारावी म्हापशाला बसने. ती बारा वर्षं धरली. डिचोलीतलं सव्वा वर्ष धरलं. मधली दोन वर्षं त्याने गोल करून बाजूला काढली. त्या दोन वर्षांत मी सावंतवाडीला डी.एड. करत होते. गोव्यात तेव्हा डी.एड.च्या जागा मोजक्या होत्या, मी यादीत खाली होते, तिकडे प्रवेश मिळाला म्हणून गेले.

"हीं दोन वर्सां तूं भायर आशिल्लें."

"शिकायला. दर शनिवारी घरी यायचे."

"भायर तें भायर."

"पण ते डी.एड. तुमचं सरकार चालवून घेतं."

"डी.एड. चलता," तो म्हणाला. "रावप चलना."

म्हणजे तिथे शिकलेलं गोव्यात उपयोगाचं, पण शिकायला तिथे राहावं लागलं हा गुन्हा. मी त्याला विचारलं की असं कुठे लिहिलं आहे. त्याने टेबलावरच्या गठ्ठ्याकडे हात केला. त्यात कुठे ते त्यालाही ठाऊक नव्हतं हे त्या हातावरूनच कळत होतं. शाळेत जाण्यापूर्वी मी गोव्यात होते याचा एखादा सरकारी कागद आण, मग ती वर्षं जोडून देतो, असं त्याने सांगितलं. मी शाळेपूर्वी म्हणजे सहा वर्षांच्या आतली. सहा वर्षांच्या आतल्या मुलीचा कसला सरकारी कागद असतो?

घरी आले ती आईवर घसरले. कारण आमच्या शेजारच्या दोघी-तिघी माझ्यासारख्याच आजोळी जन्मलेल्या, पण त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव म्हणून आमचंच गाव आहे. मास्तर सगळ्या मुलांना सरसकट तेच लिहायचे.

"माझंच कसं वेगळं?" मी विचारलं.

आई उंबऱ्यात बसून कुळीथ पाखडत होती. "मास्तर ह्याच गावाचा नाव घालीत होतो," ती म्हणाली. "मियाच म्हटलंय, तसा नको. जल्म माझ्या म्हायाराक झालो, थयचा नाव घाला."

"कित्याक?"

"खरा होता ता सांगलंय. म्हायार म्हणजे काय उकिरडो हा माझो?"

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. आईने मास्तरांना थांबवून, माहेरचं नाव कागदावर यावं म्हणून, दुरुस्ती करून घेतली होती. आमच्याकडच्या बायका ही चूक करतात, करणारच. सासरी आल्यावर नाव बदलतं, आडनाव बदलतं, माहेर कुठे लिहायला मिळतं ते एवढंच. तिला काय माहीत की मधल्या वर्षांत ती नदी सरकारने एवढी रुंद करून ठेवली आहे.

बाबा सुतार. ते बाहेर रंधा मारत होते, तिथूनच म्हणाले, "देवी टोचणाऱ्याच्या वहीत असशील बघ. टोचलं तेव्हा तुझा दंड सुजला होता. मी त्याला अशा शिव्या घातल्या की त्याने घराचा नंबर लिहून घेतला. तक्रार करायला असेल."

मंगळवारी मी आरोग्य केंद्रात गेले. जुन्या वह्या एका पत्र्याच्या पेटीत होत्या. तिथल्या परिचारिकेने पेटी उघडून दिली आणि म्हणाली, "तूंच सोद गो. माका वेळ ना." तीन तास मी त्या वह्या चाळल्या. काही पानं वाळवीने खाल्लेली, काहींवर शाई पसरलेली. शेवटी सापडलं. बाबांचं नाव, घर नंबर, आणि पुढे "मुलगी, नऊ महिने". माझं नाव नव्हतं. नऊ महिन्यांच्या मुलीचं नाव विचारायची गरज टोचणाऱ्याला वाटली नव्हती, आणि शिव्या खाताना तर नाहीच. परिचारिकेने नक्कल करून शिक्का मारून दिला. तिने काम चोख केलं, हे नमूद करते, कारण त्या आठवड्यात असं काम करणारी ती पहिलीच.

बुधवारी कारकुनाने नक्कल उजेडात धरून पाहिली.

"ही मुलगी तूंच कशावरून?"

"त्या घरात दुसरी मुलगी नाही."

"तशें कागदार जाय."

म्हणून गुरुवारी बाबा आणि मी पंचायतीत गेलो. आईही आली, तिला राहवेना. सरपंच बाबांच्या ओळखीचे. त्यांनी कागद पुढे ओढला, लिहायला सुरुवात केली, "श्री. अमुक यांना एकच मुलगी असून", आणि पेन थांबवून बाबांकडे पाहिलं.

"एकच न्हय रे? कागदार घालतां म्हणून विचारतां."

पंचायतीतले तिघे-चौघे हसले. बाबा कधी नव्हे ते लाजले. आई म्हणाली, "दुसरी असली तर तिकाही मास्तरीण करा, माझा काय एक नाय." सरपंचांनी मुकाट्याने सही केली. विनोद झाला, सगळे हसले, मीही हसले. पण बसमध्ये बसल्यावर राग आला तो आलाच. डी.एड.ला माझा पहिला वर्ग होता. सराव पाठ घेतले होते तेव्हा परीक्षक मागच्या बाकावर बसून लिहीत होते. त्या सगळ्याचा या आठवड्यात कुणी उल्लेखही केला नव्हता. मी शिक्षिका व्हायला लायक आहे हे सिद्ध करायला मी माझ्या वडिलांना दुसरी मुलगी नाही असं लिहून घेत फिरत होते.

शुक्रवार शेवटचा दिवस. शाळा मी आठवडाभर बंद ठेवली होती, असं कुणाला वाटू नये. वाड्यातल्या एका मुलीने बारावी केली होती, तिला बसवलं होतं. तिला बावीस मुलं सांभाळायला कुणीही कसला दाखला विचारला नाही.

कारकुनाने आरोग्य केंद्राचा कागद ठेवला, त्यावर पंचायतीचा ठेवला, कडा जुळवल्या आणि म्हणाला, "नवव्या म्हयन्यांत तूं हांगा आशिल्लें हें जालें. टोचून घेतलें आनी परत पलतडी गेलें ना कशावरून? इस्कोलाक घालचे पयलीं पांच वर्सां आजयेगेर आसतलें."

तो खोडसाळपणा करत नव्हता. तो खरंच विचारात पडला होता. नऊ महिन्यांची पोर टोचून घ्यायला होडीतून येते आणि दंड सुजवून परत जाते, हे चित्र त्याला पटण्यासारखं वाटत होतं; आणि आईबाबांच्या घरात मूल वाढतं हे त्याला सिद्ध करून हवं होतं.

"तुमच्या थोरल्या भावाला विचारा," मी म्हटलं. "तो पाच वर्षं आजीकडे होता का?"

"म्हज्या भावाचें नांव काडूं नाका."

"मग माझ्या आजीचं कशाला काढता?"

मी कागद उचलले आणि बाजूच्या दारातून सरळ आत गेले. शिपाई "गो बाय, गो बाय" करत मागे आला. मामलेदार आतल्या खोलीत फोनवर होते. दक्षिण गोव्यातले गृहस्थ, बदलून नुकतेच आलेले. त्यांनी फोन ठेवला, शिपायाला हाताने थांबवलं आणि मला म्हणाले, "सांग." मी दोन मिनिटांत सांगितलं. त्यांनी टोचणीचा कागद बाजूला केला, पंचायतीचा न वाचता बाजूला केला, शाळेचा दाखला आणि डी.एड.चं प्रमाणपत्र पाहिलं.

"घर हांगा, आवय-बापूय हांगा. शिकपाक गेलें म्हणून वास्तव्य मोडना," ते म्हणाले. "लग्न करून गेल्लें जाल्यार वेगळी गजाल."

आणि सही केली. बस्स. पाच दिवसांनंतर सही अर्ध्या मिनिटाची. टोचणी, पेटी, वाळवी, सरपंच, कशाचीही गरज नव्हती. ही गोष्ट कारकून सोमवारीच आत जाऊन विचारू शकला असता. भिंत एकच होती मधे. मी कचेरीतून बाहेर पडताना कारकून म्हणाला, "जालें न्हय गो काम? आतां पेढे." मी त्याला पेढे दिले नाहीत, आणि आजही त्याबद्दल मला काही वाटत नाही.

सोमवारी मुलाखत. लांब टेबलामागे तिघे. पहिल्याने कागद तपासले, त्यात सात-आठ मिनिटं गेली. दुसऱ्याने मंत्र्यांची नावं विचारली. तिसरे वयस्कर, ते म्हणाले कोकणीतून काहीतरी बोल. मी शाळेबद्दल बोलले. चार इयत्ता एका खोलीत कशा बसवते, तिसरीला गणितं घालून पहिलीकडे कशी वळते, घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द शेजारी शेजारी कसे ठेवते. कुणी विचारलं नव्हतं, पण मला दुसरी संधी मिळणार नव्हती.

ते म्हणाले, "ही कोंकणी न्हय. मालवणी दिसता."

"पेडण्याची आहे," मी म्हटलं. "आमच्या घरात हीच बोलतात. माझ्या मुलांना कळते."

"तुजीं भुरगीं आसात?"

"बावीस," मी म्हटलं.

मधला हसला. पहिल्याने फाइल बंद करता करता विचारलं, "आजोळ पलतडी. उद्यां लग्न जावन थंय गेलें जाल्यार? शाळा कोणें पळोवपाची?"

माझ्या आधी आत गेलेल्या दोघा मुलांना असं काही विचारलं नव्हतं, याची मी बाहेर आल्यावर खात्री करून घेतली. तिथे मी एवढंच म्हणाले, "लग्न ठरलं तर आधी नवऱ्याचा पंधरा वर्षांचा दाखला मागेन." यावर ते तिघेही हसले, आणि माझा विषय संपला.

महिन्याभराने नेमणुकीची ऑर्डर आली. शाळा तीच. ती कुणी मागितलीच नव्हती, त्यामुळे त्यात उपकार काही नव्हता. घरी आईने खोबऱ्याच्या वड्या केल्या, बाबांनी पेडण्याच्या बाजारात चार लोकांना सांगितलं. मी ऑर्डर दोनदा वाचली. तात्पुरती नेमणूक मंगळवारी संपत होती आणि कायम नेमणूक गुरुवारपासून होती.

डिचोलीच्या शिक्षण कचेरीत विचारलं. तिथला हेडक्लार्क चांगला माणूस होता, त्याने समजावून सांगितलं. मधे एक दिवस मोकळा ठेवावाच लागतो. नाहीतर आधीची सव्वा वर्षाची सेवा जोडून मागाल.

"बुधवारीं शाळेंत वचूं नाका, टीचर. वचशात जाल्यार सय करूं नाका." म्हणजे गेले तरी हजेरीवर सही करायची नाही.

"मुलांना काय सांगू?"

"सुटी म्हणून सांगात."

"सुट्टी कसली?"

"हजेरीच्या वहींत शेऱ्यांत बरोवचें, शिक्षक ना."

मी बुधवारी गेले. सर्वणला बसमधून उतरले आणि चालत गेले, नेहमीच्याच वेळी. खोलीचं कुलूप उघडलं. पहिलीने धडा वाचला, दोघींनी अडखळत आणि बाकीच्यांनी घडाघडा. चौथीला अपूर्णांक शिकवायचे होते, एका आईने शेतातून आणून दिलेल्या काकडीचे तुकडे करून शिकवले आणि ते खाऊनही टाकले. दुपारी ती आई दारात येऊन विचारून गेली, "बाई, तुम्ही आता कायमच्या ना?" मी म्हटलं, "उद्यापासून." ती म्हणाली, "मग आज कोण?" मी तिला काकडीबद्दल धन्यवाद दिले.

त्या एका दिवसामुळे आधीचं सव्वा वर्ष माझ्या सेवेत कधीच धरलं गेलं नाही. मी अर्ज केले, तीन वेळा, आणि तिन्हींची उत्तरं एकाच वाक्यात आली. हजेरीची ती वही माझ्या बदलीपर्यंत शाळेच्या कपाटात होती. बुधवारच्या रकान्यात बावीस मुलांपुढे मी गैरहजेरीची टिंबं दिली नाहीत, सुट्टीच्या आडव्या रेघाही मारल्या नाहीत; हजेरीच लावली. शेऱ्यात मात्र सांगितल्याप्रमाणे लिहिलं, माझ्याच अक्षरात, शाळा सुटल्यावर, मुलं घरी गेल्यावर: शिक्षक नाही.